प्रशिक्षक बदलून झाले, आता मालक कधी? (मँचेस्टर युनायटेड)

कोथरूडचा_लाल | २८ ऑगस्ट २०२५, पहाटे ३:२०

घरात गणपती बसलेत. उकडीचे मोदक खाऊन शहाण्या माणसानं झोपायचं, तर मी साडेबारापासून टीव्हीसमोर. काय बघितलं? चौथ्या विभागातल्या ग्रिम्सबी टाउननं आम्हाला लीग कपमधून बाहेर काढलं. अर्ध्या तासात ०-२. म्ब्यूमो आणि मग्वायरनं शेवटी शेवटी बरोबरी केली, मग पेनल्ट्या, त्या संपता संपेनात, आणि १२-११. कुन्याला सामना संपवायची संधी होती, त्याची अडवली. शेवटची म्ब्यूमोची बारवर. आमचे प्रशिक्षक डगआउटमध्ये खाली बसलेले, बघवत नव्हतं म्हणे. आम्हाला बघवत होतं का?

पण हा धागा अमोरिमला शिव्या घालायला नाही. २०१३ मध्ये प्रशिक्षक फर्ग्युसन निवृत्त झाले. त्यानंतर मोयेस, व्हान गाल, मोरिन्यो, सोल्शार, रांगनिक, टेन हाग आणि आता हा. यातले निम्मे दुसरीकडे करंडक जिंकून आले होते. सगळे आमच्याकडे येऊनच बिनडोक होतात? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी चाललंय. २००५ पासून क्लब ग्लेझर कुटुंबाच्या हातात आहे आणि त्यांना कोणी नारळ देऊ शकत नाही.

आता प्रश्न. आमचा सहा जणांचा ग्रुप दर वर्षी नवी जर्सी घेतो. ओरिजिनल, एफसी रोडवरची नाही. यंदा मी म्हणतोय की मालक बदलेपर्यंत जर्सी बंद, क्लबचं जे काही विकत घेतो ते सगळं बंद. बाकीचे म्हणतात, पुण्यात बसून तू जर्सी घेतली नाहीस तर फ्लोरिडात ग्लेझरांना कुठे कळणार आहे. काय करावं?

शनिवारपेठी | २८ ऑगस्ट, सकाळी ७:०५

तीन वाजेपर्यंत जागलात, निदान काकड आरती तरी करून टाकायची. पुण्य पदरी पडलं असतं.

गनर_गौरी | २८ ऑगस्ट, सकाळी ८:१२

सकाळी उठून स्कोअर बघितला आणि घरातल्या बाप्पाला जादाचा मोदक ठेवला 😄

बाणेरकर | २८ ऑगस्ट, सकाळी ८:३०

गौरी, तुम्ही आर्सेनलवाले शेवटची लीग जिंकलात २००४ मध्ये. त्या वर्षी जन्मलेली पोरं आता मतदान करतात. सलग तीन वर्षं दुसरा नंबर काढणाऱ्यांनी जपून बोलावं.

गनर_गौरी | २८ ऑगस्ट, सकाळी ८:४१

दुसरा नंबर म्हणजे काय हे पंधराव्या नंबरवाल्यांनी विचारू नये.

मंदार_एस | २८ ऑगस्ट, सकाळी १०:१५

पंधरावा! गेल्या हंगामात ४२ गुण. १९७४ मध्ये खालच्या विभागात घसरलो, त्यानंतरची ही सर्वांत वाईट जागा. वर बिल्बाओला युरोपा लीगची फायनल, तीही टॉटनहॅमकडून हरलो, जे स्वतः सतराव्या नंबरवर होते. ती पण मी जागून बघितलेली. दुसऱ्या दिवशी साडेनऊला स्टँडअप मीटिंग होती.

लालशी सहमत. एकच उदाहरण बघा. जुलै २०२४ मध्ये टेन हागची मुदत वाढवली. उन्हाळाभर त्याच्या पसंतीचे खेळाडू घेतले. ऑक्टोबरमध्ये त्याला हाकललं. मग हंगामाच्या मधोमध अमोरिम आणला, ज्याला तीन सेंटरबॅक (मधले बचावपटू) लावूनच खेळायचं होतं, आणि संघ त्या पद्धतीसाठी बांधलेलाच नव्हता. क्रीडा संचालक म्हणून डॅन ॲशवर्थला मिळवायला कितीतरी महिने न्यूकॅसलशी घासाघीस केली, त्याला पाच महिन्यांत घरी पाठवलं. हे सगळं एकाच वर्षात. यात प्रशिक्षकाचा दोष किती आणि वरच्यांचा किती?

केतकी_प | २८ ऑगस्ट, दुपारी १:४०

मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, नवरा या पंथातला आहे म्हणून वाचतेय. मालकांनी नेमकं केलं काय? पैसे खाल्ले का? दर शनिवारी 'ग्लेझर, ग्लेझर' ऐकते. मला आधी वाटायचं तो गोलकीपर आहे.

बाणेरकर | २८ ऑगस्ट, दुपारी १:४४

गोलकीपरही त्याच लायकीचा आहे.

सीए_निखिल | २८ ऑगस्ट, दुपारी ३:२०

केतकीताई, सांगतो. समजा तुमच्या सोसायटीत एक फ्लॅट आहे, त्यावर एक रुपयाचं कर्ज नाही, भाडेकरू चांगला. मी तो बँकेकडून कर्ज काढून घेतला, कर्ज फ्लॅटच्याच नावावर टाकलं आणि हप्ते भाड्यातून वळते केले. माझ्या खिशाला फारशी झळ नाही, आणि फ्लॅट माझा. ग्लेझरांनी साधारण हेच केलं. क्लबची किंमत सुमारे ७९ कोटी पौंड धरली गेली, त्यातला मोठा भाग उधारीचा, आणि ओझं क्लबच्या डोक्यावर. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदणी केली, पण स्वतःकडच्या शेअरला दहा मतं आणि लोकांच्या शेअरला एक, अशी व्यवस्था ठेवून. म्हणजे शेअर घेऊनही तुम्ही त्यांना हलवू शकत नाही. व्याज, लाभांश वगैरे धरून आजवर शंभर कोटी पौंडांच्या वर रक्कम क्लबमधून बाहेर गेली असा हिशोब नेहमी दिला जातो.

बेकायदेशीर यात काहीच नाही, हे लक्षात घ्या.

पण आता लालच्या विरोधात बोलतो. क्लबचं २०२३-२४ चं उत्पन्न ६६ कोटी पौंडांच्या आसपास होतं. जगातल्या सर्वाधिक खर्च करणाऱ्या क्लबांत आपण आहोत. अँटनीला आठ कोटींच्या वर मोजले, मग्वायरला आठ कोटी, सँचोला सात कोटींच्या वर. पोग्बाला २०१२ मध्ये फुकट सोडला, २०१६ मध्ये तेव्हाच्या विक्रमी रकमेला परत आणला, २०२२ मध्ये पुन्हा फुकट सोडला. हे पैसे नसल्यामुळे झालं का? कर्ज नसतं तर हाच गाढवपणा अजून महाग झाला असता. मालक वाईट आहेत हे खरं, पण 'मालक वाईट म्हणून संघ वाईट' हे गणित इतकं सरळ नाही.

केतकी_प | २८ ऑगस्ट, दुपारी ३:५२

आत्ता समजलं. नवऱ्यापेक्षा तुम्ही बरं समजावता. त्याला विचारलं की तो डोळे मोठे करून २००८ ची फायनल सांगायला लागतो.

कोथरूडचा_लाल | २८ ऑगस्ट, संध्या. ६:३०

निखिलभाऊ, तुमच्याच फ्लॅटवर बोलू. आठ कोटींचा अँटनी घेऊ या असं ठरवणारा माणूस तिथे बसवला कुणी? फर्ग्युसन गेल्यावर एड वुडवर्डच्या हातात सगळा कारभार दिला. तो मुळात बँकेतला माणूस, ग्लेझरांच्या त्या खरेदीतच सल्लागार होता. जाहिरातदार आणण्यात पटाईत, पण मिडफिल्डर कसा निवडायचा हे त्याला कुठून कळणार? जवळजवळ नऊ वर्षं चाललं ते. आणि सोसायटीचं म्हणाल तर टेरेसही गळतंय: गेल्या वर्षी मे महिन्यात आर्सेनलच्या सामन्यात ओल्ड ट्रॅफर्डच्या छतातून धबधबा पडताना जगानं बघितला.

गनर_गौरी | २८ ऑगस्ट, संध्या. ६:४८

तो सामना आम्ही जिंकलो होतो, हेही नोंदवून ठेवा.

एक मात्र गंभीरपणे. मालक अमेरिकन आहेत म्हणून सगळं होतं असं तुमचे लोक बोलतात, ते पटत नाही. आमचे क्रोएंके अमेरिकन, लिव्हरपूलचे अमेरिकन. २०२१ मध्ये सुपर लीगच्या (मोठ्या क्लबांची वेगळी लीग काढायच्या) भानगडीनंतर आम्हीही क्रोएंकेंच्या विरोधात रस्त्यावर होतो (म्हणजे लंडनमधले आमचे लोक, मी कर्वेनगरात). पण त्यांनी एक प्रशिक्षक धरला, दोनदा आठव्या नंबरवर आला तरी त्याला काढलं नाही, आणि त्याच्या भोवती माणसं जमवली. तुमच्याकडे दर अडीच वर्षांनी सामान बदलतं.

पाटाकडचा_पप्या | २९ ऑगस्ट, रात्री ११:१०

मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीनं पुण्यात (सिंहगड रोड). तुमचं हे रडगाणं वाचून एक सांगावंसं वाटलं.

आमच्याकडं संघ पेठेचा, तालमीचा असतोय. पाटाकडील, प्रॅक्टिस, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर संघ हरला की संध्याकाळी चौकात कार्यकर्ते सापडतात. पळून जाणार कुठं? त्यांच्या घरचा पत्ता लहान पोराला पण माहिती. अमुक पोराला का खेळवलं नाही, बाहेरचा परदेशी खेळाडू का आणला, तो जाड झालाय हे दिसत नव्हतं का, सगळी उत्तरं द्यावी लागतात. माझे चुलते एकदा रागाच्या भरात तालमीची पायरी चढणार नाही म्हणून बसले, तर दुसऱ्या दिवशी चार जण समजूत काढायला घरी. तुमच्यातल्या कुणाला ग्लेझर समजूत काढायला आलाय का?

आता सगळं गोड आहे असं नाही. भांडणं होतात, सामने बंद पडलेत, राजकारणी घुसतात. पण मालक कोण हा प्रश्नच पडत नाही.

शनिवारपेठी | २९ ऑगस्ट, रात्री ११:२५

पप्या, समजूत काढायला चार जण येणं आणि समज द्यायला चार जण येणं यात कोल्हापुरात फरक असतो ना? दिवे घ्या.

पाटाकडचा_पप्या | २९ ऑगस्ट, रात्री ११:३१

दोन्हीत चहा मिळतोय. पुण्यात एकातही मिळत नाही.

मंदार_एस | ३० ऑगस्ट, रात्री ९:५०

बर्नलीला ३-२ हरवलं! ब्रुनोची शेवटच्या मिनिटांतली पेनल्टी! धागा बंद करा!

बाणेरकर | ३० ऑगस्ट, रात्री ९:५८

घरच्या मैदानावर, नुकत्याच वर आलेल्या बर्नलीला, ९७व्या मिनिटाला. ढोल-ताशा बोलवू का?

जुना_राइट_बॅक | ३१ ऑगस्ट, सकाळी ९:००

वय वर्षं चौसष्ट. खडकी आणि कॅम्पात फुटबॉल खेळलो, त्यामुळे दोन शब्द.

तुम्ही मंडळी मँचेस्टरबद्दल इतकं पोटतिडकीनं बोलता, चांगलं आहे. पण आपल्या पुण्यात गेल्या अठरा वर्षांत तीन मोठे संघ आले नि गेले, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला. डेरिक परेरांच्या हाताखाली आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये पहिल्याच हंगामात तिसरा आला. अराता इझुमी त्याच संघात होता, पुढे तो भारतीय नागरिक होऊन देशाकडून खेळला. २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सपाठोपाठ दुसरे आले. नंतर डीएसके शिवाजीयन्स, त्यांची तर लोणी काळभोरला लिव्हरपूलच्या नावाची अकादमी होती. आणि एफसी पुणे सिटी. आज यातलं एकही मैदानावर नाही.

तुमचा संघ निदान हरतो तरी. आमचे हरायलाही उरले नाहीत.

नारिंगी_१४ | ३१ ऑगस्ट, दुपारी १२:३५

काका, जखमेवर बोट ठेवलंत.

मी पुणे सिटीचा. २०१४ पासून बालेवाडीला जायचो, नारिंगी टी-शर्ट, घसा बसेपर्यंत ओरडणं. पहिल्या वर्षी ट्रेझेगे! १९९८ चा विश्वविजेता म्हाळुंगे-बालेवाडीत! नंतर मुतू आला. हृतिक रोशन सहमालक म्हणून यायचा, तेव्हा निम्मं स्टेडियम त्याला बघायला यायचं ती गोष्ट वेगळी.

लाल, तुम्ही प्रशिक्षकांची यादी दिलीत ना, आमची ऐका. २०१४ ला कोलोंबा. २०१५ ला डेव्हिड प्लॅट, हो, इंग्लंडचा माजी कर्णधार. २०१६ ला हबास. २०१७-१८ ला पोपोविच, आणि त्या एकाच वर्षी आम्ही सेमीफायनलला गेलो. मार्सेलिन्यो आणि अल्फारो काय खेळले होते! बंगळुरूला छेत्रीनं हॅटट्रिक मारून आमचं स्वप्न मोडलं. मग शहाण्या व्यवस्थापनानं काय केलं असतं? पोपोविचला ठेवलं असतं. आमच्यांनी पुढच्या हंगामात नवा प्रशिक्षक आणला, त्याला तीन सामन्यांत काढला, मग एक हंगामी, मग फिल ब्राउन. पाच हंगाम, एकही वर्ष तोच माणूस दुसऱ्यांदा नाही.

आणि २०१९ ला एके दिवशी मोबाइलवर बातमी. क्लब बंद, जागा हैदराबादला. आम्हाला विचारणं सोडा, धड निरोपही नाही. तीन वर्षांत हैदराबाद आयएसएल (इंडियन सुपर लीग) जिंकलं. मी तो फायनल बघितला नाही. गंमत म्हणजे आता तेही राहिलं नाही, यंदा ते दिल्लीला हलवलंय.

मंदार_एस | ३१ ऑगस्ट, दुपारी १:१०

पोपोविचची टीम मीही बघितलीय, स्टेडियममधून बाहेर पडायला तासभर लागायचा. तेव्हा मेट्रो पण सुरू व्हायची होती.

शनिवारपेठी | ३१ ऑगस्ट, दुपारी १:१६

मेट्रो झाली, संघ गेला. पुण्यात सगळं योग्य वेळी होतं.

सीए_निखिल | ३१ ऑगस्ट, दुपारी ४:०५

नारिंगी, इंग्लंडमध्ये हेच विम्बल्डनचं झालं. क्लब उचलून मिल्टन कीन्सला नेला. चाहत्यांनी २००२ मध्ये वर्गणी काढून, उद्यानात खेळाडूंच्या चाचण्या घेऊन स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला आणि तळातून चढत २०११ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये आणला. युनायटेडच्याही एका गटानं २००५ मध्ये ग्लेझर आल्या आल्या एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर काढला, एक सभासद एक मत. आपण पुण्यात असं काही का केलं नाही?

नारिंगी_१४ | ३१ ऑगस्ट, दुपारी ४:४०

कारण तिकडे तळातून चढायला शिडी होती. आमच्याकडे आयएसएलचा दरवाजा पैसे भरणाऱ्यालाच उघडायचा. आम्ही व्हॉट्सॲपवर बोललो होतो काढू या म्हणून. ग्रुपचं नाव ठरवण्यात महिना गेला, मग लोगोवर भांडण झालं.

कोथरूडचा_लाल | २ सप्टेंबर, सकाळी ८:०५

खेळाडू घ्यायची-विकायची ट्रान्सफरची खिडकी बंद झाली. अँटनी बेटिसला, जेमतेम पाव किमतीत. गार्नाचो चेल्सीला. हॉयलुंड उसनवारीवर नापोलीला, जिथे गेल्या वर्षी आपण विकलेला मॅकटॉमिने लीग जिंकून हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. नवा गोलकीपर लामेन्स आला, वय तेवीस. तीन फॉरवर्डवर वीस कोटी पौंडांच्या वर खर्च, आणि मिडफिल्ड? तिथे कोणीच नाही!

आणि रॅटक्लिफसाहेब आल्यावर आशा होती ना? एक चतुर्थांशाहून जास्त हिस्सा घेतला, फुटबॉलचा कारभार हातात घेतला, आणि पहिलं काय केलं? शेकडो कर्मचारी काढले, स्टाफचं फुकट जेवण बंद केलं, फर्ग्युसनचं मानधन बंद केलं. मुलांची आणि म्हाताऱ्यांची सवलत काढून हंगामाच्या मध्यात सरसकट ६६ पौंडांचं तिकीट लावलं. आता म्हणे एक लाख प्रेक्षकांचं नवीन स्टेडियम बांधणार.

केतकी_प | २ सप्टेंबर, सकाळी ९:२०

कॅन्टीनमधलं जेवण बंद करून टीम सुधारते हे कुठल्या एमबीएत शिकवतात? आमच्या ऑफिसातही एकदा बिस्किटं बंद झाली होती. तीन महिन्यांत सगळे चांगले लोक सोडून गेले.

जुना_राइट_बॅक | २ सप्टेंबर, सकाळी १०:४५

एकच विरुद्ध मत मांडतो. खेळाडू पण काही देवमाणसं नाहीत. ग्रिम्सबीच्या पोरांपुढे धावायला कर्ज आडवं येत नाही. आमच्या काळी बूट फाटलेले असायचे, तरी राइट बॅक परत पळत यायचा. पहिला गोल बघा पुन्हा, कोण कोणाला मार्क करतंय तेच कळत नाही. सगळं मालकांवर ढकललं की खेळाडू सुटतात.

बाणेरकर | २ सप्टेंबर, सकाळी ११:०२

+१ काका. मालक खराब, प्रशिक्षक हट्टी, खेळाडू ढिले. तिन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

गनर_गौरी | १५ सप्टेंबर, सकाळी ७:५५

धागा वर काढतेय. विसर्जन झालं, पितृपक्ष चालू आहे, काल मँचेस्टर सिटीनं तुम्हाला ३-० केलं. कोथरूडचे लाल बरे आहेत ना?

कोथरूडचा_लाल | १५ सप्टेंबर, सकाळी ८:३०

जिवंत आहे. हालांडचा दुसरा गोल झाल्यावर टीव्ही बंद करून भांडी घासली.

मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र कोणी दिलंच नाही. जर्सी घ्यायची की नाही? ग्रुपवर उद्या ऑर्डर जातेय.

सीए_निखिल | १५ सप्टेंबर, सकाळी १०:२०

देतो. आदिदासशी क्लबचा दहा वर्षांचा करार आहे, २०३५ पर्यंत, किमान ९० कोटी पौंडांची हमी. म्हणजे तुम्ही सहा जणांनी जर्सी नाही घेतली तर ग्लेझरांच्या हमीच्या रकमेत एक पैसा कमी होत नाही. पण त्याच करारात एक कलम आहे: चॅम्पियन्स लीगमध्ये नसलो तर दर वर्षी एक कोटी पौंड कापले जातात. यंदा आपण युरोपात कुठेच नाही. त्यामुळे तुमच्या बहिष्कारापेक्षा मग्वायरच्या बचावानं मालकांना जास्त नुकसान केलंय.

बाणेरकर | १५ सप्टेंबर, सकाळी १०:२४

म्हणजे हरणं हेच खरं आंदोलन! मग आमच्या संघाइतके निष्ठावंत आंदोलक कुठे सापडणार नाहीत.

मंदार_एस | १५ सप्टेंबर, सकाळी १०:५०

बहिष्काराचा उपयोग होतो तो तिथल्या लोकांनी केला तर. मे २०२१ मध्ये मैदानात घुसून लिव्हरपूलचा सामना पुढे ढकलायला लावला होता. यंदा मार्चमध्ये काळे कपडे घालून मोर्चा काढला. तरी ग्लेझर तिथेच. जर्मनीसारखा नियम पाहिजे, क्लबमध्ये सभासदांची मतं निम्म्याहून जास्त. त्याशिवाय खरं नाही.

जुना_राइट_बॅक | १५ सप्टेंबर, सकाळी ११:३०

लाल, जर्सी किती रुपयांची?

कोथरूडचा_लाल | १५ सप्टेंबर, सकाळी ११:३४

साडेपाच-सहा हजार धरा काका. प्लेअर व्हर्जन त्याहून जास्त.

जुना_राइट_बॅक | १५ सप्टेंबर, सकाळी ११:५०

सहा जणांचे छत्तीस हजार. जिल्हा लीगमधल्या कुठल्याही क्लबच्या सेक्रेटरीला विचारा, एवढ्यात पोरांचे वर्षभराचे बॉल येतात, वर एखाद्याचे बूट. एसएसपीएमएसच्या मैदानावर सामने असतात, तिकीट नाही. आणि सेक्रेटरी तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला असतो, तोंडावर शिव्या द्यायची सोय आहे.

पाटाकडचा_पप्या | १५ सप्टेंबर, दुपारी १२:०५

काका, एक नंबर. मी येतो.

शनिवारपेठी | १५ सप्टेंबर, दुपारी १२:१०

गाडी कुठे लावायची?

कोथरूडचा_लाल | १५ सप्टेंबर, रात्री ९:४०

ग्रुपवर टाकलं. तिघं म्हणाले जर्सी घेणारच, नवा फॉरवर्ड सेस्कोचं नाव टाकून. दोघांना काकांची कल्पना पटली. आम्हा तिघांचे पैसे जमा करतोय. काका, सेक्रेटरींशी गाठ घालून द्या. पण शनिवारी रात्री दहाला चेल्सी आहे, तेव्हा त्या दिवशी संध्याकाळी लवकर आटपेल असं बघा.